नालायकीची पेज
तळलेल्या मासळीचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. आखातात असताना, रिग्गईत आमच्या खाली एक मल्याळी ख्रिस्ती नर्स राहायची. या वासापायी मी, पुण्याची अतिशहाणी, इमारतीच्या हारिसकडे, म्हणजे रखवालदाराकडे, तिची तक्रार केली होती. मग मला कांजिण्या आल्या. नवरा साइटवर, मैत्रिणी फिरकेनात, आणि पेज घेऊन दारात हीच. "तक्रार मीच केली होती," मी फणकारले. "ठाऊक आहे, दीदी. गरम आहे तोवर घ्या." "पण का?" तिने बायबलमधला ग्रीक शब्द सांगितला, अगापे, म्हणजे समोरच्याची लायकी न बघता केलेलं प्रेम. "म्हणजे मी नालायक?" ती नुसती हसली. मी पातेलं हिसकावलं, दार आपटलं आणि रागारागाने सगळी पेज संपवली. आता नातवंडं मला हसतात, पण मी चिडलेलीच आहे. बाईने एकदा तरी 'नाही' म्हणायचं होतं.