एका गाडीवर

गुलमंडीच्या बाजारात माझं बोर्ड रंगवायचं दुकान आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर, सगळे जिला ताई म्हणतात, तिचं ऑफिस. कोर्टाची पायरी न चढता लोकांची भांडणं मिटवून देणं हा तिचा व्यवसाय. "आपला ब्रँड झाला पाहिजे," म्हणत तिनं बोर्डासाठी मला नुसतं छळलं. मी कागदावर तराजू काढून दाखवला. "हा कोर्टाचा. बरं, मग?" हातात हात दाखवले. "हे निवडणुकीतले. बरं, मग?" हे 'बरं, मग?' ती सगळ्यांनाच विचारते आणि समोरचा खरं बोलेपर्यंत गप्प बसते.

परवा बिडकीनचे दोघं भाऊ दोन मोटारसायकलींवर आले. शेताच्या बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं. दुपारी तिनं नेहमीसारखी सतरंजी अंथरली, दोघांचे डबे अदलाबदल करून समोर ठेवले आणि दार ओढून घेतलं.

संध्याकाळी ते खाली उतरले. थोरला म्हणाला, "ताई, माझी गाडी राहू द्या इथं. उद्या नेतो."

"बरं, मग?"

"मग काय, ह्याच्या मागं बसून जातो. आईला दिसाया पाहिजे."

जाहिरातीसाठी त्यांचा फोटो घ्यायला मी लगेच मोबाइल काढला. तिनं माझा हात खाली दाबला. "नाय. हे आधी आईनंच बघायचं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आलो, तर बिडकीनच्याच दोघी जावा एकमेकींकडं पाठ करून दारात उभ्या.

"भावांना एका गाडीवर धाडणाऱ्या ताई कुठं बसतात हो?" एकीनं विचारलं.

मी वर बोट दाखवलं. बोर्डाची जागा अजून मोकळीच होती.