मीठ लावलेलं कोकरू

अख्ख्या सांगली जिल्ह्यात मंगोली भाषेसाठी जीव टाकणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा मामा निघावा हे आमच्या घराण्याचं दुर्दैव. लोकांचे मामा भाच्याला नोकरीचं विचारतात, लग्नाचं विचारतात. मी साताऱ्याहून एसटीनं सांगलीत उतरलो की माझा मामा हातातली पिशवी घेण्याआधीच म्हणतो, "काळ्याला जपानीत कुरो, मंगोलीत खार. आता बोल!" मी काय बोलणार? "चहा घेऊ," म्हणतो. चहा येईपर्यंत दोन्ही भाषांतली विशेषणं, नात्यांचे शब्द आणि जनावरं टेबलावर मांडून झालेली असतात, आणि कप ठेवायला जागा उरत नाही.

मामा कवठे महांकाळकडचा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं चाललेलं घर. मामा मात्र फौजेत गेला आणि लंगरमध्ये भात शिजवू लागला. एकदा दोन देशांच्या सैन्यांच्या एकत्र सरावासाठी त्याची तुकडी मंगोलियात गेली. तिथं माळावर एका लोकरी तंबूबाहेर त्याला एक बाई दिसली. तिची मेंढी नव्या कोकराला जवळ येऊ देत नव्हती, लाथा झाडत होती. बाईनं कोकराच्या पाठीवर मीठ चोळलं, ते मेंढीच्या तोंडापुढं धरलं आणि बारीक सुरात "तोइग, तोइग" असं म्हणत बसली. मेंढी आधी मीठ चाटू लागली आणि चाटता चाटता तिनं कोकरू आपलं मानलं. "आमची आय हुबेहूब आसंच करायची," मामा सांगतो. "बोल येगळा, पण सूर त्योच. मी तितंच बसून रडलो गड्या. मागनं सायेब वरडतोय, अरे, चावल जल रहा है!" मामाचं भाषाशास्त्र त्या करपलेल्या भातापासून सुरू होतं.

निवृत्त झाल्यावर तो जपानी शिकला, तीही मंगोलीसाठी. या दोन भाषा एका रक्ताच्या असाव्यात असं काही विद्वानांना पूर्वी वाटत होतं, पण आता बहुतेकांना ते पटत नाही, एवढं त्याच्या कानावर आलं आणि ते काळजात घुसलं. "मेंढीनं लाथ मारली म्हणून कोकरू परकं व्हतं व्हय रं?" असं तो विचारतो, आणि उत्तराची वाट न बघता मीठ चोळायला घेतो. रहिमतपूरच्या एका लग्नात त्यानं जिलेबीची पंगत अडवून वधूच्या बापाला सांगितलं, की जपानीत आणि मंगोलीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. तो बिचारा म्हणाला, "आवं, मराठीत पन शेवटीच येतंय की." मामानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "व्हय. पण ते एवढ्यात कुणाला बोलू नका." मी एकदा त्याला पाण्यावरून पेचात धरलं. जपानीत मिझू, मंगोलीत उस. कुठं आलं साम्य? मामानं टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला, "सासरी गेलेल्या भैनी एकाच हिरीचं पानी भरत्यात का?"

माझा स्वभाव वेगळा. आमच्या घरात पंचांगाच्या आधी चळवळीची पत्रकं यायची. मी त्यांवरच वाचायला शिकलो. ज्याला पुरावा नाही ते मानायचं नाही, हे माझं तत्त्व. मामाच्या सिद्धांताला पुरावा नाही हे मी त्याला तोंडावर सांगत आलो. पण तो ज्या क्लासमध्ये शिकवायचा तो बघितला, की माझं सगळं तत्त्व मामाच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. सांगलीतल्या त्या क्लासमधून पोरापोरींना जपानला पाठवतात, तिथल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला. म्हाताऱ्याला उठवता यावं, बसवता यावं, कुठं दुखतंय विचारता यावं, एवढीच भाषा द्यायची आणि विमानात बसवायचं. हजार वर्षांची भाषा यांनी बेडपॅनच्या मापाची करून टाकली! त्या सगळ्या कारखान्यात मामा एकटा फळ्यावर एका बाजूला जपानी आणि दुसऱ्या बाजूला मंगोली लिहायचा. क्लासचा मालक कपाळावर हात मारायचा. "सुभेदार, पोरं जपानला चालली हायती. मंगोलिया कुठनं काढला?" मामा म्हणायचा, "वाटंत लागतंय." मालक शिव्या देत निघून जायचा, पण मामाची पोरं परीक्षेत पास व्हायची म्हणून त्याला ठेवून घ्यायचा. मामाला दुसरी हौस नव्हती. त्याची ही तुलना ऐकून घेणारी माणसं जगात फक्त त्या खोलीत होती.

त्यांतही मनापासून ऐकणारी एकच, मिरजेची मुमताज. वडील तंबोरे बनवायचे, पण हल्ली त्यांचे हात थरथरतात. घर तिच्यावर. इतर पोरं मंगोलीची बाजू उतरवून घ्यायची नाहीत. ही दोन्ही घ्यायची. "सर, तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या असतात, पण जुळवाव्या लागतात," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा मामा दोन दिवस जमिनीवर नव्हता.

तिची मुलाखत व्हिडिओवर होती. समोर जपानी वृद्धाश्रमाचे तीन लोक, इकडं मुमताज, आणि दाराआड मामा. पहिली उत्तरं तिनं सुरेख दिली. मग त्यांनी विचारलं, जपानी भाषेत तुम्हाला काय आवडलं? पाठ केलेलं उत्तर तयार होतं. पण सर दाराआड उभे आहेत हे तिला माहीत होतं. तिनं शुद्ध जपानीत सांगायला सुरुवात केली की तुमची भाषा एकटी नाही, तिची बहीण मंगोलियाच्या माळावर मेंढरं राखते. तिनं कुरो आणि खार सांगितलं, मेंढी सांगितली, मीठही सांगितलं. समोरचे तिघे अगदी नम्रपणे हसले. आम्ही विचार करू, असं म्हणाले. जपानी माणूस असं म्हणाला की काय समजायचं, ते मामानंच वर्गात शिकवलं होतं.

मुमताजला दार उघडून बाहेर येववेना. मामा आत गेला आणि तिच्यासमोर खाली फरशीवर बसला. "सर, मी नीट सांगितलं ना?" तिनं विचारलं. मामा म्हणाला, "माझ्यापरास चांगलं सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी त्यानं फळ्याची मंगोलीची बाजू पुसली, ती कायमची. मालकाकडं जाऊन दुसऱ्या मुलाखतीसाठी हात जोडले. तिला बसवून ते आवडीचं उत्तर पुन्हा पुन्हा घोकून घेतलं: स्वच्छता, शिस्त, वेळेचं भान. मी चिडलो. मामा, हा अन्याय आहे, मी म्हणालो. पोटासाठी माणसानं विचार पुसायचे? आपण लिहू, पत्रक काढू, क्लासच्या दारात वाटू! मामानं माझ्याकडं बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा तो म्हातारा दिसला. "कोकरू जगलं पायजे रं. मेंढी कुणाची का असंना."

मुमताज दुसऱ्या मुलाखतीत पास झाली, जपानला गेली. क्लास चालू आहे. मामा आता नमुनेदार शिक्षक झाला आहे. मालक त्याची उदाहरणं देतो. मामा मला स्टँडवर घ्यायला येतो, पिशवी घेतो, आणि नोकरीचं विचारतो. ते ऐकवत नाही.

गेल्या रविवारी सकाळी आम्ही स्टँडबाहेरच्या टपरीवर चहा घेत असताना मुमताजचा व्हिडिओ कॉल आला. गप्पा झाल्यावर ती म्हणाली, "सर, एक गंमत. माझ्या खोलीत मंगोलियाची मुलगी आहे." मामाचा हात कपासकट थांबला. "मी तिला तुमचं सगळं सांगितलं. पण सर, ती म्हणते, दोन्ही भाषांचा काही संबंध नाही. ती पण आपल्यासारखीच पाठ करून करून शिकली." मामानं मान हलवली. मग म्हणाला, "मेंढीला कसं चुचकारत्यात, ते इचार तिला." पलीकडं जपानीत कुजबुज झाली. "तिला माहीत नाही, सर. ती शहरातली आहे. मेंढ्या कधी राखल्याच नाहीत."

मी मामाच्या हातातून फोन घेणार होतो. तेवढ्यात त्यानं तो तोंडाजवळ धरला आणि बारीक सुरात म्हणू लागला, "तोइग... तोइग... तोइग..." चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. पलीकडं पुन्हा कुजबुज झाली. मग मुमताज हळूच म्हणाली, "सर, तिची आजी असंच करायची म्हणते."

"आजी हाय का आजून?"

"नाही सर. केव्हाच गेली."

"व्हय," मामा म्हणाला. "आमची आय पन." आणि त्यानं गार झालेला चहा पिऊन टाकला.