आमची ओळख न्हाय

कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि राजारामपुरीतल्या आमच्या शेजाऱ्यांच्या मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. आमदारांसाठी ते दर खेपेला गुळाची ढेप नेत. कुणाला मोटारीचं परमिट हवं असो वा सिमेंट, ते समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणत, "काळजी सोडा. सायब आपलंच हायत की!"

पुढे परमिटांच्या वाटपात लाच घेतल्याची चौकशी लागली. जबान्या लिहायला कारकून म्हणून मी होतो. आमदारांनी आमच्या शेजाऱ्यांकडे बघत शांतपणे सांगितलं, "या गृहस्थांना मी ओळखत नाही."

अधिकाऱ्यांनी मग शेजाऱ्यांना विचारलं. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. म्हणाले, "खरं हाय. आमची ओळख न्हाय."

मधल्या सुट्टीत मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "असं कसं बोललात? आता सगळं तुमच्यावरच येणार."

"व्हय, येणारच. पर आण्णा, तुमच्या भावाची गडहिंग्लजहून हिकडं बदली मी सायबांकडनंच करून आणलीया. त्यांचं नाव घेतलं, तर ते बी निघंल की."

मला हे ठाऊक नव्हतं. आत जाऊन मी त्यांची जबानी सुवाच्य अक्षरात उतरवली आणि त्यांची सही घेतली. चौकशीत एकटे तेच दोषी ठरले. भाऊ कोल्हापुरातच राहिला.