दुसरी खेप

परीक्षा केंद्राच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेली बाई सारखी ओढणीला तळहात पुसत होती. तिचीही माझ्यासारखीच नेटवर्किंगची परीक्षा होती.

"पहिलीच वेळ का?" मी विचारलं.

"नाही, तिसरी. तुमची?"

मागच्या वेळी मी नापास झालो, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज पहाटे दार लावून राउटर जोडायचो, चुकायचो, पुन्हा जोडायचो आणि बायकोला सांगायचो, "ऑफिसचं काम आहे." अभ्यासापेक्षा या लपवालपवीनंच मी जास्त दमलो होतो.

"दुसरी," मी म्हणालो.

तिनं नुसती मान हलवली. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. उठताना वाटलं, निदान एका माणसाला तरी खरं ठाऊक आहे.