कॉपी असली नाही

बायजी वरठा भित्री बाई नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुमचा गैरसमज व्हायचा. तलासरीच्या पूर्वेला डोंगरालगत तिचा पाडा. नवरा भिका गुजरातच्या बोटीवर खलाशी. नारळी पौर्णिमा झाली की तो जातो आणि पाऊस तोंडावर आला की परततो. बोट खोल पाण्यात गेली की त्याचा फोन म्हणजे नुसता डबा. मागे उरते बायजी, थोडं भात, थोडी नागली आणि घोलवडच्या वाडीतलं काम. सकाळी टेम्पोत उभं राहून घोलवड गाठायचं, चिकू धुवायचे, लहानमोठे वेगळे करायचे, खोकी भरायची. वाडीच्या मुकादमाने एकदा एका पोरीचा हात धरला, तेव्हा हिने भरलेला क्रेट सरळ त्याच्या पायावर सोडला. पुढे महिनाभर मुकादम लंगडत होता आणि सगळ्यांशी गोड बोलत होता.

अशी ही बाई एकाच गोष्टीला भिई, आणि ती म्हणजे कागद. त्याला कारणही तसंच होतं. तिचा सासरा शुक्रवारी जन्मला म्हणून त्याचं नाव पडलं शुक्रा. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी तेच लिहिलं. पुढे कुणा कारकुनाच्या हाताला काय खाज सुटली देव जाणे, त्याने दुसऱ्या कागदावर ‘शुक्र्या’ केलं. त्या एका ‘य’पायी वनप्लॉटचा, म्हणजे कसत आलेल्या जंगलजमिनीचा, दावा परत आला. साहेबाने दोन्ही कागद तिच्यासमोर धरून विचारलं होतं, “यातला खरा कोण?” सात पिढ्या त्या डोंगराखाली राहिलेली माणसं, आणि खरा कोण! तेव्हापासून कुणी तिचा कागद हातात घेतला की तो परत मिळेपर्यंत ती त्यावरून नजर काढत नसे.

आता मुलीचे, दक्षाचे, कागद निघाले होते. दक्षा डहाणूच्या वसतिगृहात राहून बारावी झाली आणि तिचा नर्सिंगला नंबर लागला. पाड्यावरची ही पहिलीच पोर. फक्त जात पडताळणीचा अर्ज मुदतीत दाखल व्हायला हवा होता. तो नाही गेला तर जागा गेली. वसतिगृहात परतताना दक्षाने सगळे कागद लावून आईच्या हाती दिले आणि सांगितलं, नाक्यावर तुषारदादाच्या दुकानात दे, तो करतो.

तुषार सावे घोलवडचा, चिकूच्या वाडीवाल्या घरातला. वडिलांच्या बागेत मन रमलं नाही म्हणून तलासरी नाक्यावर त्याने झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान टाकलं. माणूस मनाने चांगला, कामाला झटपट, पण तोंडाला कुलूप नाही. त्यातून त्याला मोबाइलवर मतं लिहायचा भारी नाद. ‘टेक कट्टा डहाणू-तलासरी’ नावाच्या ग्रुपवर तो ‘चिकूकिंग’ या नावाने कुठला फोन घ्यावा, कुठलं सॉफ्टवेअर फुकट कसं उतरवावं, सिनेमे कुठून ओढावेत यावर निकाल देत असे. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि खाली खरं नाव लिहायचं नसल्यावर तर जीभ आणखी सैल. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमधलं सगळं सॉफ्टवेअर चोरीचं होतं. म्हणून तो कॉम्प्युटर मधूनच काळा पडे आणि कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ दाखवी. तुषारला त्याचं काहीच वाटत नसे.

बायजी दुकानात गेली त्या दिवशी गर्दी होती. तुषारने दक्षाचा फोटो चढवला, मग सासऱ्याचा तो दाखला काचेवर ठेवून झाकण लावलं. पडद्यावर दाखला उमटला आणि तेवढ्यात पडदा काळा झाला. कोपऱ्यात अक्षरं आली.

“काय म्हणतो रे?” रांगेतल्या एकाने विचारलं.

तुषार दुसऱ्या हाताने फोनवर काहीतरी लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, “कॉपी असली नाही म्हणतो. म्हणू दे. बोगस माल तो बोगसच!”

रांग हसली. बायजी हसली नाही. तिच्या लेखी कॉपी म्हणजे तीच, जी या दुकानात आपण मागतो. दोन कॉपी काढ, चार कॉपी काढ. आणि बोगस हा शब्द तर तिला तोंडपाठच. दोन वर्षांपूर्वी तहसीलवर मोर्चा निघाला होता, आदिवासींच्या जागा खोट्या दाखल्यांवर लाटणाऱ्यांविरुद्ध. बायजी पुढच्या रांगेत होती. ‘बोगस हटाव, बोगसांना जेल’ असं ओरडून तिचा घसा बसला होता. बोगसांचं काय करायचं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“मावशी, सर्व्हर स्लो आहे, आज जाणार नाही. दोन दिवसांनी या,” तुषार म्हणाला.

“नको धाडू,” ती कशीबशी बोलली. “मी सांगीन तवा धाड.” आणि कागद उचलून निघाली.

वाटेत तिला एकच दिसत होतं. दक्षाचा फोटो आणि त्यावर पडलेला काळा पडदा. तो ‘य’ अखेर मशीनने धरला. साहेब एकवेळ विसरेल, मशीन कसं विसरेल?

दक्षाला विचारायचं तर सोपं होतं. पण बायजीने मनात असा हिशेब मांडला, की पोरीला माहीत झालं तर पोरही गुन्ह्यात आली. माहीत नसलेल्याला कोण काय करणार? म्हणून तिने दिराच्या मुलाला, सुरजला, गाठलं. तो उंबरगावच्या कंपनीत कामाला जाई. शिफ्ट करून आला होता, भाकर खात होता.

“सुरज, एक बाय सांगत होती,” तिने दुसऱ्याचं नाव पुढे केलं, “दुकानातला कंप्युटर काला पडला न् लिवून आला, कॉपी असली नाय. तं पुढं काय होतो?”

सुरजला वाटलं, दुकानाच्या कॉम्प्युटरची चौकशी चालली आहे. आपल्याला धड ठाऊक नाही तर विचारू या, म्हणून त्याने टेक कट्ट्यावर प्रश्न टाकला. तिने सरळ विचारलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण भीतीला सरळ विचारता येत असतं तर ती भीती कसली!

घटकाभरात उत्तरांचा पाऊस पडला. त्या ग्रुपवरच्या माणसांना दुसरं काम नसावं. सुरज घास गिळत, दमल्या आवाजात एकेक वाचू लागला.

“‘काही होत नाही भावा, काळं करतो आणि गप्प बसतो.’ ‘कसं काही होत नाही? चोरी ती चोरीच. असल्या लोकांमुळे खऱ्यांचं नुकसान होतं.’ ‘फुकट मिळतंय म्हणून घ्यायचं आणि वर तोंड करून विचारायचं.’ ‘नकली कधी ना कधी पकडलं जातंच. एकेकाला आत टाका.’”

बायजी भिंतीला टेकली. हीच वाक्यं. मोर्चात माइकवरून हीच म्हटली होती, आणि तिने टाळ्या दिल्या होत्या.

“आन हा चिकूकिंग काय लिवतो बघ. ‘झालं भावा तुझं! आता रेड पडणार. जिथून फाइल चढली तिथून ते बरोबर घर शोधून काढतात. जीप येते आणि उचलतात.’” सुरजने फोन खाली ठेवला आणि कालवण मागितलं.

चिकूकिंगने त्या ओळीपुढे तीन हसरी तोंडं टाकली होती. पण हसरी तोंडं कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही.

त्यानंतर बायजी वाडीत कामाला गेली ती नावाला. मोठे चिकू लहानात, लहान मोठ्यात. मुकादम ओरडला तरी तिने उलटून शब्द दिला नाही, आणि तोच बिचारा घाबरला. नाक्यावर पोलिसाची गाडी उभी असली की ती मागच्या वाटेने घरी येई. दक्षाचा फोन येई. “अर्ज गेला का?” पोर विचारी. “जाल, जाल,” ही म्हणे आणि फोन कपड्यात गुंडाळून ठेवी, जणू त्यातूनही कुणी घर शोधून काढेल.

आणि जीप आली.

बायजी भातात गवत काढत होती. पांढरी जीप पाड्यावर चढताना तिने पाहिली. दोन माणसं उतरली, एकाच्या हातात कागद. “भिका वरठाचं घर कुठलं?” आवाज स्पष्ट ऐकू आला. बायजी होती तिथेच चिखलात बसली. भाताची पाती डोक्याच्या वर होती. माणसं तिच्या दाराशी गेली, हाका मारल्या, दार वाजवलं. तिने तोंडावर हात दाबून धरला. आपला श्वासच आपल्याला पकडून देईल असं तिला वाटत होतं. जीप गेल्यावरही ती कितीतरी वेळ उठली नाही. उठली तेव्हा दारावर खडूने आकडे लिहिलेले दिसले.

“फवारणीवालं होतं, मच्छराचं,” शेजारची बुधी म्हणाली. “तुझा घर बंद होता.”

खरंच ते हिवतापाचे लोक होते. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मच्छर मारणाऱ्यांना भिकाचं नाव कशाला लागतं? ते आकडे दक्षाच्याच नावाचे आहेत याबद्दल बायजीला आता शंका उरली नाही. आपल्याला नेलं तर नेऊ देत. भात बुधी कापेल. पण पोरीला वसतिगृहातून, सगळ्या पोरींसमोर, त्या जीपमध्ये बसवलं तर?

संध्याकाळी दक्षाचा फोन आला. ती रडवेली झाली होती. “आई, उद्या शेवटची तारीख. तुषारदादा सांगतो, तूच थांबवलास. काय कराचा हाय तुना?”

बायजीने फोन ठेवला. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

सकाळी तिने धुतलेलं लुगडं नेसलं, कागदांची पिशवी घेतली आणि दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसली. तुषारने शटर वर केलं, तशी ती आत शिरली आणि उभ्यानेच बोलू लागली.

“तुषारशेठ, कागद खोटं हायत. मीच केलं. पोशीला, दक्षाला, काय म्हायती नाय. साहेबाला सांग, मना न्या. तिचा नाव काढून टाक. आमी बोगस हाव.”

तुषार पाहतच राहिला. “मावशी, काय बोलताय? कोण म्हणालं खोटे?”

“तुझाच कंप्युटर म्हनला. कॉपी असली नाय. तू वाचलास.”

तुषार आधी हसला. खुर्चीवर बसून पोट धरून हसला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू आपोआप विरलं. तिने काय काय ऐकलं ते तिने सांगितलं: चोरी ती चोरीच, आत टाका, रेड पडणार, घर शोधणार, जीप येणार. शेवटचे शब्द त्याला ओळखीचे वाटले. वाटणारच. ते त्याचेच होते.

“मावशी, बसा,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुमचे कागद खरे आहेत. तो ‘य’ वगैरेसाठी प्रतिज्ञापत्र जोडलंय दक्षाने, मी बघितलंय. कॉम्प्युटर तुमच्याबद्दल बोलत नव्हता. स्वतःबद्दल बोलत होता. यातलं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असतं. मी चोरीचं टाकलंय. ती कॉपी असली नाही.”

“चोरीचा?”

“हो.”

“कवापासून?”

“दुकान उघडलं तेव्हापासून.”

“आन तो रोज लिवतो, तू चोर हास म्हनून?”

“रोज.”

“आन तुना झोप लागं?”

तुषार कॉम्प्युटरकडे वळला. त्याने कागद मागून घेतले, एकेक काचेवर ठेवला, अर्ज दाखल केला आणि पावती छापून तिच्या हातात दिली. दक्षाचं नाव आहे, क्रमांक आहे, झालं, म्हणाला. बायजीने पावती घेतली, पण ती जागची हलली नाही. एवढे दिवस पोटात बसलेली भीती एका पावतीने थोडीच उठणार? हा शेठ गोड बोलतो आहे, आपल्याला वाटेला लावतो आहे, असंच तिला वाटत होतं.

“लिवून दे,” ती म्हणाली.

“काय?”

“हाच. मशीन खोटा, सॉफ्टवेअर चोरीचा, दक्षाचं कागद खरं. खाली तुझा नाव लिव, सही कर. जीप आली तं मी दाखवीन.”

“त्यात काय,” म्हणत तुषारने कोरा कागद ओढला, पेन उचललं. ‘मी, तुषार’ एवढं लिहिलं. मग पेन थांबलं. त्याने दाराकडे पाहिलं. रस्त्यावर कुणीतरी गाडी लावत होतं. त्याने पुन्हा कागदाकडे पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली. कपाळावर घाम आला होता आणि पंखा तर डोक्यावर फिरत होता.

बायजी त्याच्या तोंडाकडे बघत होती. ते तोंड तिच्या पुरेपूर ओळखीचं होतं. एवढे दिवस ती स्वतः तेच तोंड घेऊन हिंडत होती. आणि ते पाहिलं तेव्हा कुठे तिला पटलं, की पोरगा खरं बोलतो आहे.

तिने त्याच्या हाताखालचा कागद काढून घेतला आणि चुरगळला.

“ऱ्हाऊ दे, बाला,” ती म्हणाली. “नको लिवू. समजला मना.”