भाव वाढेपर्यंत

सत्तरच्या दशकात उमरेड रोडजवळच्या एका नव्या ले-आउटमध्ये आम्ही नवरा-बायको प्लॉट पाहायला गेलो. हद्दीचे दगड रोवलेले होते, घर एकही नव्हते. दलाल मला पुढे काय भाव येईल ते सांगत होता. तिथे बकऱ्या चारणारी एक म्हातारी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती.

"राहाले घेऊन राहिले का इकाले?" तिने विचारले.

"राहायला, विकायला नाही," मी म्हणालो. "पुढे भावही वाढेल."

"भाव त वाढन गा. पण तवर हे बाई दिवसभर कोणासंग बोलन?"

"तुह्या बकऱ्याइसंग, बुढे!" दलाल म्हणाला. म्हातारीही हसली. बायको हसली नाही.

तरीही आम्ही घर बांधले. मी कचेरीत गेलो की म्हातारी आमच्या पायरीवर बसे, सुपारी कातरत बायकोशी बोले. तिचे नाव आम्ही विचारले नाही.

तीन-चार वर्षांत भोवती घरे उठली. भाव वाढला, बायकोला शेजारणी मिळाल्या. बकऱ्यांना चरायला जागा उरली नाही आणि म्हातारी यायची थांबली. नेमकी केव्हा, ते आम्हा दोघांनाही सांगता येत नाही.