टाकीच्या तळाचं पाणी

शमीमआपांच्या गॅरेजवर गाडी नेली, की त्या आधी किक मारत नसत, काय झालं म्हणूनही विचारत नसत. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायच्या, बाटली उन्हाकडे धरायच्या आणि एक डोळा मिटून बघत राहायच्या. गाडीवाल्यानं घाई केली, की म्हणायच्या, "गाडीला तोंड न्हाई, बाबा. तिच्या पोटात काय हाय ते जरा बगू तर दे."

पन्नाशीच्या, ठेंगण्या, ओढणी कमरेला खोचलेल्या आपा नवऱ्याच्या मागे धारूरमध्ये गॅरेज चालवत. मी तेव्हा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या पेट्रोल पंपावर मॅनेजर होतो. त्या दुष्काळात गावातल्या मोटरसायकली एकामागून एक बंद पडू लागल्या. पेट्रोलमध्ये साखर कारखान्याचं इथेनॉल घालतात, त्या दारूनंच इंजिनं बसली, असं लोक म्हणत. आपा एकट्या सांगत, "पंपाच्या टाकीत पाणी हाय."

मला राग आला. रोज सकाळी मी टाकीत मापाची पट्टी सोडत असे. पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट तिच्या टोकाला लावलेली असे, आणि तिचा रंग एकदाही बदलला नव्हता. "धंद्यासाठी ही बाई काहीही उठवते," असं मी चारचौघांत बोललो.

आठच दिवसांनी माझ्या धाकट्या भावानं सकाळी आमच्याच पंपावर पेट्रोल भरलं आणि बायकोला, सुनंदाला, बाळंतपणासाठी घेऊन अंबाजोगाईकडे निघाला. गावाबाहेरच्या चढावर त्याची जुनी व्हॅन बंद पडली. सुनंदाला कळा सुरू झालेल्या. दुसरी गाडी मिळेना. भावाचा फोन येताच मी मोटरसायकलवर आपांकडे गेलो. मी काय बोललो होतो ते त्यांच्या कानावर गेलंच होतं. त्यांनी पान्हे उचलले, बाटलीत तपासलेल्या पेट्रोलचा एक कॅन घेतला आणि माझ्या मागे बसल्या.

चढावर त्यांनी टाकी रिकामी केली, नळ्या झटकल्या, कॅनमधलं पेट्रोल ओतलं. गाडी सुरू झाली. जाताना सुनंदानं त्यांचा तेलानं काळा झालेला हात घट्ट धरला. "जा बेटा, आता थांबत न्हाई ही," आपा म्हणाल्या. मग व्हॅनच्या टाकीतून काढलेल्या पेट्रोलची बाटली माझ्यापुढे धरली. वर पेट्रोल, खाली गढूळ थर, मध्ये स्पष्ट रेघ.

"पूर्वी पाणी तळाला गुमान पडून ऱ्हायचं सायेब. आता ते पेट्रोलमधलं इथेनॉल वढून घेतं. खालचा थर वाढत वाढत पायपाला लागला, की तोच गाडीत जातो. तुमची पेस्ट जुनी हाय, तिला ह्ये पाणी वळखू येत न्हाई."

"मग आता?"

"पंप बंद करा. आत्ताच्या आत्ता."

मी पंप बंद केला. पंपाची जमिनीखालची टाकी उघडली, तेव्हा कारण कळलं. गावाला प्यायच्या पाण्याचा टँकर आमच्याच आवारात उभा राहायचा. बाया-माणसांच्या घागरींतून सांडलेलं पाणी वाहत जाऊन टाकीच्या झाकणाभोवती साचे आणि कुजलेल्या रबरातून आत झिरपे. थेंबाथेंबाला महाग झालेल्या गावात आमच्या टाकीत मात्र पाणी भरत होतं.

दुपारी मुलगी झाल्याचा निरोप आला. संध्याकाळी संस्थेची बैठक होती, आपांनाही बोलावलं होतं. मी उभा राहून माझी चूक सांगितली, आपांवर घेतलेला आळ खोटा होता हेही सांगितलं. कोणीतरी ओरडलं, "आधी ही दारू बंद करा!" आपा उठल्या. "कावून? तुमच्याच उसाची हाय ती. जुन्या गाडीचं रबर खाती, ह्ये खरं. नळ्या बदला. टाकी कोरडी ठेवा. तिला दोष देऊन पाणी निगत न्हाई."

टँकरची जागा हलवली. झाकणाभोवती उंच कट्टा बांधला, नवी पेस्ट आणली. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, ऊस उभा राहिला आणि रुसलेली गिऱ्हाइकं परत आली. पंपावर नवं माणूस लागलं, की मी त्याला आधी आपांकडे शिकायला पाठवू लागलो.

पुढे गुडघे दुखायला लागले तेव्हा आपा लेकीकडे लातूरला निघाल्या. स्टँडवर एवढी माणसं जमली, की कंडक्टरही खाली उतरला. माझे डोळे भरून आलेले पाहून त्या खिडकीतून खेकसल्या, "रडताव कावून? लातूरला चाललेय, कबरस्तानात न्हाई. गाडी बंद पडली तर फोन करा."

मी अजून फोन करतो. गाडी चांगली चालू असली तरी.